वाघोलीचा निळा दगड ओळखायचा कसा?



मागच्या वेळी आपण विहिरीच्या पाण्याच्या चवीबद्दल बोललो होतो. त्यानंतर पुणे-नगर रस्त्याच्या कडेच्या एका गावातून, बचत गटातल्या एका ताईंचा निरोप आला. त्यांच्या विहिरीच्या खोदकामात एक दगड निघाला. पांढऱ्या चमकदार खड्यांवर कुणी निळीचे थेंब शिंपडावेत तसे त्यावर निळे ठिपके. कुणी म्हणालं नीलम आहे. कुणी म्हणालं मोरचूद आहे, मुलांना हात लावू देऊ नका. दीर म्हणाले, कुणीतरी रंग लावलाय. आणि गावात अधूनमधून येणाऱ्या एका खरेदीदारानं काही न बोलता पाचशेची नोट काढून पुढे केली. ताईंनी नोट घेतली नाही. हे आहे तरी काय ते आधी कळू द्या, मग बघू, असं त्या म्हणाल्या. मला हे फार आवडलं.

तो दगड मी पाहिलेला नाही. त्यामुळे तो अमुकच आहे असं रेडिओवरून सांगणार नाही. पण त्या भागात निळा रंग दिसला की एका खनिजाचं नाव पहिल्यांदा मनात येतं, आणि ते खनिज जगात इतकं कमी ठिकाणी सापडतं की त्याची ओळख तिथल्या प्रत्येक घरात असायला हवी. त्याचं नाव कॅव्हॅन्साईट. नाव अवघड वाटलं तरी घाबरू नका. ते तीन शब्दांचे तुकडे जोडून बनवलंय: कॅल्शियममधलं ‘कॅ’, व्हॅनेडियममधलं ‘व्हॅन’ आणि सिलिकॉनमधलं ‘सि’. म्हणजे त्यात काय आहे तेच त्याच्या नावात आहे.

आधी हे दगडाच्या पोटात येतं कुठून, ते पाहू.

आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला रस बाहेर येत राहिला, थरावर थर. सह्याद्रीचे कडे बघा, पायऱ्यापायऱ्यांसारखे दिसतात, ते हेच थर. आता घावन आठवा. तव्यावर पीठ ओतलं की वाफ वर येते आणि घावनाला जाळी पडते. लाव्ह्यातसुद्धा वायूचे बुडबुडे असतात. वरचा भाग लवकर थिजला की बुडबुडे आत अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. काही वाटाण्याएवढ्या, काही घागरीएवढ्या, आणि क्वचित माणूस वाकून आत जाईल एवढ्यासुद्धा. पुढे लाखो वर्षं गरम पाणी या पोकळ्यांतून आणि भेगांतून झिरपत राहतं. ते आजूबाजूच्या दगडातून थोडं थोडं काहीतरी विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर ठेवून जातं. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरं कीट बसतं ना, तसंच. फरक एवढाच की इथे घाई नव्हती, म्हणून कीट न बसता सुबक खडे वाढले.

या खड्यांना आपण सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो. खरं तर त्यात पाच-पंधरा वेगवेगळी खनिजं असतात. बहुतेक सिलिकेट, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यावर उभी असलेली. सिलिकेट ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. तुमची चूल, वीट, माठ, शेतातली काळी माती, सगळीकडे सिलिकेटच आहेत. पृथ्वीच्या कवचाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग त्यांचाच. दुर्मिळ आहे तो या एका सिलिकेटमधला व्हॅनेडियम, म्हणजे तो अशा रीतीनं एका जागी येऊन बसणं. काळ्या दगडात व्हॅनेडियम थोडा थोडा सगळीकडे विखुरलेला असतो. पण तो गोळा व्हावा, त्याला योग्य पाणी, योग्य उष्णता आणि मोकळी जागा मिळावी, हे जुळून येणं फार क्वचित घडतं. आणि खड्याचा तो भडक निळा रंग या व्हॅनेडियममुळेच आहे. या धातूचं नाव १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रॉम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ठेवलं. त्याची संयुगं रंगीबेरंगी दिसतात म्हणून त्यानं उत्तरेकडच्या लोकांच्या एका सौंदर्यदेवतेचं नाव त्याला दिलं. तिचं एक नाव व्हॅनाडिस.

कॅव्हॅन्साईट पहिल्यांदा सापडला तो अमेरिकेत, ऑरेगन राज्यात, १९६७ साली. १९७३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन छापून आलं आणि नाव ठरलं. तिथले खडे बारीक होते, अभ्यासाला पुरतील एवढे. पुढे आपल्या पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत तो निघाला आणि जगभरच्या खनिजवाल्यांचे डोळे तिकडे वळले. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयात निळ्या कॅव्हॅन्साईटचा देखणा नमुना दिसला, तर चिठ्ठीवर बहुतेक करून वाघोलीचंच नाव असतं. ज्या खाणीतून आपल्या घराच्या पायाची, रस्त्याची खडी आली, तिथलाच हा दगड. किती नमुने क्रशरच्या जबड्यात गेले असतील आणि डांबराखाली दबले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता ओळख. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

पहिली गोष्ट आकार. कॅव्हॅन्साईटचे खडे सुईसारखे बारीक असतात आणि ते एकेकटे फारसे राहत नाहीत. एका मध्यबिंदूपासून चारी बाजूंना फुटतात, आणि त्यांचा गोळा किंवा फूल तयार होतं. कदंबाचं फूल डोळ्यांसमोर आणा, किंवा बाभळीचं. ते निळं करा. झालं. आकारानं ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा नेहमीचा, बोराएवढा चांगला, त्याहून मोठा क्वचितच. गोळा अर्धा फुटलेला असेल तर आतून केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा स्पष्ट दिसतात. ही खूण पक्की समजा. कारण रंग बाहेरून लावता येतो, आतली अशी रचना कुणाला करता येत नाही.

दुसरी गोष्ट रंग. गडद, थेट निळा. काही नमुन्यांत थोडी हिरवी झाक. मोरपिसाच्या डोळ्यातला निळा म्हटलं तर जवळ जाईल. एकाच गोळ्यात रंग साधारण सारखा असतो. आणि चमक काचेसारखी, उन्हात धरून फिरवलं की सुयांची टोकं लुकलुकतात. प्रयोगशाळेत याचा पातळ काप खास सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला, तर एका दिशेला निळा दिसतो आणि दुसऱ्या दिशेला रंग जवळजवळ नाहीसा होतो. धूपछाव साडीचा पदर हलवला की रंग पालटतो, त्यातलाच प्रकार. घरी हे दिसणार नाही. पण शास्त्रज्ञ नुसत्या रंगावर का विसंबत नाहीत, ते यातून कळेल.

तिसरी गोष्ट संगत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तिच्याकडेच बघत नाहीत. निळा गोळा कशावर बसलाय? वाघोलीचा कॅव्हॅन्साईट बहुधा स्टिल्बाईट नावाच्या खनिजावर बसलेला असतो. स्टिल्बाईट पांढरा, मळकट पांढरा किंवा फिकट भगवा असतो. त्याचे पातळ पापुद्रे एकत्र येऊन जुडी होते, गव्हाची पेंढी मधोमध बांधली की दोन्ही टोकांना पसरते तशी. त्याला मोत्यासारखी मऊ चमक असते. कधी सोबत ह्युलँडाईट असतो, तोही मोतिया चमकेचा, मधे रुंद आणि टोकांना निमुळता, वडी कापल्यासारखा. कधी कॅल्साईट असतो, जो फुटला की तिरक्या डबीसारखे तुकडे पडतात. आणि या सगळ्यांच्या खाली आपला काळा किंवा करडा दगड, बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांनी बनलेला, ठिसूळ. अशा मंडळींच्या मांडीवर निळं फूल बसलेलं दिसलं, तर निम्मी ओळख तिथेच पटली. तोच निळा गोळा एखाद्या चिकणमातीच्या ढेकळावर किंवा सिमेंटसारख्या कशावर दिसला, तर शंका घ्या.

याच कारणासाठी कळकळीची विनंती: निळा भाग सुटा करायला जाऊ नका. बायकांनी हातोडीनं निळा गोळा अलगद काढून डबीत ठेवल्याचं आणि खालचा ‘पांढरा कचरा’ फेकून दिल्याचं मी ऐकलंय. तो कचरा म्हणजेच त्याचा जन्मदाखला होता. सुटा झालेला गोळा ओळखायला कठीण आणि संग्राहकाच्या लेखी जवळजवळ बिनकामाचा.

आता कठीणपणा. खनिजांचा कठीणपणा एक ते दहा अशा पायऱ्यांत मोजतात. मोस नावाच्या शास्त्रज्ञानं १८१२ मध्ये ही पद्धत घालून दिली. आपलं नख अडीचच्या आसपास, सुरीचं पातं साडेपाच, गारगोटीचा स्फटिक सात, नीलम नऊ, हिरा दहा. कॅव्हॅन्साईट तीन ते चार. म्हणजे नखानं ओरखडा उठत नाही, सुरीनं सहज उठतो. पण चांगल्या नमुन्यावर सुरी लावू नका हं. सुयांचा गोळा असल्यामुळे ओरखडा उठण्याआधी तो चुरतोच. गळून पडलेला कण असेल तर त्यावर करून बघा. आणि उलटी चाचणी त्याहून सोपी: तो कण काचेच्या तुकड्यावर घासा. काचेवर ओरखडा पडला तर तो कॅव्हॅन्साईट नाही.

दुसरी चाचणी सोनाराच्या कसोटीसारखी. फरशीच्या टाईलची मागची, झिलई नसलेली खरखरीत बाजू घ्या आणि त्यावर तोच कण घासा. कॅव्हॅन्साईटची रेघ फिकी उमटते, पांढऱ्यात किंचित निळसर छटा. एवढा भडक निळा दगड आणि रेघ अशी फिकी, याचं पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. रेघ गडद निळी आली, हाताला रंग लागला, तर ते दुसरं काहीतरी आहे.

वजनाची खूण पुस्तकात दिलेली असते. पाण्याच्या सव्वादोनपट, म्हणजे दगडांमध्ये तसा हलकाच. काळा पाषाण पाण्याच्या जवळपास तिप्पट भरतो. पण घरी ही खूण फारशी उपयोगी नाही, कारण निळा गोळा एवढासा आणि खालचा दगड केवढा तरी. काट्यावर ठेवाल ते खालच्या दगडाचंच वजन भरेल.

आता निळ्या रंगाची बाकीची मंडळी, ज्यांच्याशी गल्लत होते.

नीलमाचा प्रश्न लगेच मिटवू. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत नीलम तयार होत नाही. शिवाय नीलम एवढा कठीण असतो की सुरी त्याच्यापुढे हरते.

मोरचुदाची शंका मात्र शहाणपणाची होती. द्राक्षबागेत, डाळिंबावर बोर्डो मिश्रण फवारायला मोरचूद आणतात, त्याचे निळे खडे घरात असतात, आणि तो विषारी आहे. त्याची चाचणी सोपी. गळून पडलेला कण जुन्या बशीत पाण्याच्या दोन थेंबांत ठेवा. मोरचूद विरघळतो आणि पाणी निळं होतं. कॅव्हॅन्साईट पाण्यात विरघळत नाही, पाणी होतं तसंच राहतं. ही बशी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि जिभेला लावून पाहायची काहींना सवय असते, ती कुठल्याच दगडाच्या बाबतीत नको.

ॲझुराईट म्हणून तांब्याचं एक खनिज आहे. तेही असंच गडद निळं. आपल्याकडे काळ्या दगडाच्या पोकळीत ते सहसा मिळत नाही, पण बाजारात बाहेरून आलेलं दिसतं. त्याच्या कणावर आम्ल टाकलं की फसफस होते. कॅव्हॅन्साईटवर होत नाही. घरी लिंबाच्या रसाचा एक थेंब कणाच्या चुऱ्यावर टाकून भिंगातून बारीक बुडबुडे येतात का ते पाहता येतं. मात्र कण अगदी निखळ निळा हवा. त्याला कॅल्साईटचा पांढरा भाग चिकटलेला असेल तर तो फसफसेल आणि तुमची फसगत होईल.

त्यानंतर रंगवलेले दगड. दिरांची शंका अगदीच वाऱ्यावरची नव्हती. पुण्या-मुंबईकडे ओकेनाईट नावाचं एक पांढरं खनिज मिळतं, त्याचे गोळे कापसाच्या बोंडासारखे केसाळ असतात. मूळचे पांढरेशुभ्र. ते निळ्या, गुलाबी, हिरव्या रंगात बुडवून विकतात. ओळख अशी की रंग टोकांना जास्त आणि मुळाशी कमी, किंवा भेगांत साचलेला. कापसाच्या बोळ्याला नेलपॉलिश काढायचं पाणी लावून कडेला हलकेच टेकवा. बोळा निळा झाला तर समजा. आणि केस मऊ, वाकणारे दिसतात, कॅव्हॅन्साईटच्या सुया काचेसारख्या ताठ.

आणि एक प्रकार असा की निळा खराच, पांढराही खराच, पण दोघांची भेट डिंकानं घडवलेली. तुटलेला कॅव्हॅन्साईट एखाद्या सुंदर स्टिल्बाईटवर चिकटवतात. भिंगातून गोळ्याच्या बुडाशी बघा. मूळचा गोळा खालच्या खड्यांत रुतल्यासारखा असतो, मधेमधे पांढरे पापुद्रे त्याच्या सुयांत शिरलेले असतात. चिकटवलेल्याच्या बुडाशी डिंकाची चकचकीत कड किंवा हवेचा बुडबुडा दिसतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानात असतो, त्याच्याखाली पुष्कळ डिंक चमकून उठतात. हे काम आपल्याच भागात होतं, गरजेपोटी होतं, हे मला माहीत आहे. पण अशी दोन-चार उदाहरणं उघडी पडली की पुढचा गिऱ्हाईक खऱ्या नमुन्यालाही निम्मा भाव सांगतो, आणि तो तोटा चिकटवणाऱ्याच्या शेजारणीला होतो.

एक सख्खा भाऊ राहिला. पेंटागोनाईट. त्यात नेमके तेच घटक, त्याच प्रमाणात. तेवढेच ठिपके घेऊन दोघींनी दोन वेगळ्या रांगोळ्या काढाव्यात तसं, आतली मांडणी तेवढी निराळी. तोही ऑरेगनमध्ये कॅव्हॅन्साईटच्या सोबतच सापडला आणि आपल्या वाघोलीतही मिळतो. त्याचे खडे पाच-पाच एकमेकांत जुळून वाढतात, आडवा छेद घेतला तर पाच टोकांची चांदणी दिसते, त्यावरून नाव पडलं. डोळ्यांनी सांगायचं तर कॅव्हॅन्साईट गच्च भरलेल्या फुलासारखा आणि पेंटागोनाईट विस्कटलेल्या काड्यांसारखा, लांब टोकदार. पण हा अंदाज झाला. ठाम सांगायचं तर क्ष-किरणांनीच. प्रत्येक खनिजातून क्ष-किरण गेले की उमटणारी खूण वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. ही सोय विद्यापीठांच्या आणि मोठ्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांकडे असते किंवा ते ती कुठे आहे ते सांगू शकतात. पुण्यात विद्यापीठात आणि फर्ग्युसन महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतात. दगड नेण्याआधी फोनवर विचारा आणि उन्हात काढलेला स्वच्छ फोटो पाठवा, शेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं ठेवून. निम्म्या शंका फोटोवरच मिटतात. आणि डोळ्यांना सवय लावायची असेल तर नाशिककडे जाताना सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. बचत गटाची सहल देवदर्शनाला जाते, तिला तासभर जोडून द्या. खरा नमुना एकदा डोळे भरून पाहिला की माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल.

एवढं ओळखून करायचं काय? अंगठीत बसवायला हा खडा चालत नाही. मऊ आणि ठिसूळ, दोन दिवसांत चुरा होईल. अलीकडे असले निळे दगड ‘मन शांत होतं’, ‘घसा बरा होतो’ म्हणून विकतात, काही जण पाण्यात ठेवून ते पाणी प्यायला सांगतात. याला काहीही आधार नाही, आणि ज्यात व्हॅनेडियम आहे तो दगड पिण्याच्या पाण्यात ठेवणं मला तरी वेडेपणा वाटतो. याची किंमत आहे ती जपून ठेवण्याची गोष्ट म्हणून. संग्राहक आणि संग्रहालयं तो घेतात. अमेरिकेत टुसॉन गावी दरवर्षी खनिजांची मोठी जत्रा भरते, तिथे आपल्याकडचे व्यापारी आपल्या भागातले दगड घेऊन जातात. तिथला भाव आणि खाणीच्या तोंडाशी मिळणारा भाव यांत अंतर असतं, आणि असणारच, मधे साफसफाई, पॅकिंग, प्रवास असतो. पण ते अंतर किती असावं हे नाव माहीत नसणाऱ्या बाईला विचारताच येत नाही. ‘ए, तो निळा दगड दे’ म्हणणाऱ्याला ‘कॅव्हॅन्साईट आहे, स्टिल्बाईटवर आहे, कुठे तुटलेला नाही’ असं उत्तर मिळालं की त्याची पहिली नोट खिशात परत जाते.

त्यासाठी एक चिठ्ठी ठेवा. दगड कुठे मिळाला, विहीर की खाण की रस्त्याचं काम, गाव कोणतं, किती खोलीवर, तारीख काय. गटाची वही तुम्ही लिहिताच, तशीच ही नोंद. ठिकाण माहीत नसलेला नमुना शास्त्राच्या उपयोगाचा राहत नाही आणि बाजारातही उतरतो. दगड विकण्याआधी तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात खनिजांच्या नियमांची चौकशी करा. खाण दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल नको.

आणि परवानगी असली तरी सुरुंग उडाल्यावर लगेच खड्यांच्या शोधात धावू नका. न उडालेली दारू दगडात राहिलेली असते, हलका झालेला कडा वरून सुटतो. वडार समाजातल्या आपल्या कितीतरी आया-आज्यांनी घणाखाली आयुष्य काढलं, त्यांना हे सांगायची गरज नाही, पण त्यांच्या नातवंडांना आहे. हातोडी चालवताना डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर ओला फडका, आणि दगड आधी पाण्यानं भिजवून घेतलेला. सिलिकेटची बारीक धूळ एकदा फुफ्फुसात जाऊन बसली की परत निघत नाही. पोकळीत कापसासारखे पांढरे तंतू दिसले तर फुंकर मारून ते उडवू नका, त्यांना चुरगाळू तर मुळीच नका.

आता शेवटचं, धुणं आणि बांधणं, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. संडास साफ करायचं ॲसिड दगडावर ओतून तो ‘चमकवतात’. त्यानं कॅल्साईट उकळून जातो आणि स्टिल्बाईटसुद्धा खराब होतो, पांढऱ्याची मोतिया चमक गेली की निळ्याची शोभाही जाते. गरम पाण्यात घालू नका, चुलीजवळ वाळवायला ठेवू नका. या खड्यांच्या रचनेत पाणी असतं, तापवलं की ते निघून जातं. स्टिल्बाईट ज्या झिओलाईट घराण्यातला, त्या घराण्याचं नावच मुळी ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून १७५६ मध्ये पडलं, तापवल्यावर त्यातून वाफ येताना दिसली म्हणून. साधं गार पाणी, मऊ कुंचला, तोही फक्त पांढऱ्या भागावर आणि खालच्या दगडावर. निळ्या गोळ्यावर कुंचला अजिबात नको, वरून पाण्याची बारीक धार सोडली की पुरे. सावलीत वाळू द्या.

बांधताना कापूस नको, तो सुयांत अडकतो आणि काढताना टोकं मोडतात. बांगड्यांचा किंवा मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. तळाला चुरगळलेला कागद दाबून बसवा, दगडाची काळी बाजू त्यात घट्ट रोवा, आणि निळ्या फुलाला झाकणसुद्धा टेकणार नाही एवढी जागा वर मोकळी सोडा. चिठ्ठी खोक्याच्या आत, झाकणाला चिकटवून.

त्या ताईंना सांगणं एवढंच, की उद्या सकाळी कोवळ्या उन्हात दगडाचे दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूनं, आणि आपल्या केंद्रावर पाठवा. बाजूनं काढलेला विसरू नका, त्यात खालचे पांढरे खडे नीट दिसले पाहिजेत. नमस्कार.